राखण जागी झाली

घरच्या माणसाचं रक्त आपण वाचायचं नाही, हा मिरजेच्या रक्तवाचन केंद्रातला पहिला नियम. तो कुमुद मगदूमनं स्वतःच्या हातानं लिहिला होता, आणि गेली तीन वर्षं दर गुरुवारी सकाळी सव्वादहाला ती तो स्वतःच मोडत होती.

त्यात काही वावगं आहे असं तिला वाटत नव्हतं. केंद्राची प्रमुख ती, सगळ्या फायली तिच्या पडद्यावर उघडायच्या, त्यात एक लेकीची. बघायची, उठायची, चहा घ्यायची. आकडा सात असायचा. कधी सहा, कधी आठ. तो दिसला की कुमुदचा आठवडा मार्गी लागायचा. मग ती शिकाऊ मुलींवर ओरडायलाही मोकळी आणि हसायलाही मोकळी.

त्या गुरुवारी आकडा एकोणीस होता.

तिनं चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. त्रिशला भरतेश चौगुले, वय एकतीस, मुक्काम सांगली. अंकुर: एकोणीस.

हा अंकुर म्हणजे काय, ते कुमुद नव्या मुलींना ज्या पद्धतीनं सांगायची तसंच सांगितलेलं बरं. कॅन्सरची गाठ काही आभाळातून पडत नाही. त्या आपल्याच पेशी, ताळतंत्र सोडलेल्या. पण मोहरीएवढी झाली की तिची उपासमार सुरू होते, कारण आतपर्यंत रक्त पोचत नाही. मग ती साद घालते. ती ऐकून आधी धावतात भक्षकपेशी, म्हणजे शरीराचे शिपाई. आलेले असतात गाठीला खायला, पण गाठ त्यांना असं काही पाजते की चार दिवसांत ते शिपाई तिचेच गवंडी होऊन बसतात. जखम भरताना जे काम करायचं तेच इथं करू लागतात. शेजारच्या रक्तवाहिनीच्या आतलं जे अस्तर, त्याच्या पेशींना सांगतात, इकडं एक फांदी काढा. अस्तराच्या पेशी भोळ्या, त्यांना अंकुर फुटतात, अंकुराची वाहिनी होते आणि गाठीच्या घरी रक्ताचा नळ येतो. वर तेच अस्तर, गाठीला मारायला दुसऱ्या पेशी आल्या की दार लावून घेतं. कुंपणानंच शेत खायचं म्हणतात, ते असं.

यावर सात वर्षांपूर्वी उपाय निघाला. डॉक्टरांच्या भाषेत त्याचं नाव हातभर लांब होतं, लोकांनी त्याला राखण म्हणायला सुरुवात केली. माणसाच्याच भक्षकपेशी काढायच्या, गाठीच्या कुठल्याही आमिषाला भुलणार नाहीत अशा तयार करायच्या, परत रक्तात सोडायच्या. जिथं अस्तराला नवी फांदी फुटेल तिथं जाऊन ती सुकवायची, एवढंच त्यांचं काम. गाठ मरत नाही, उपाशीपोटी निजून राहते. दंडाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक डबी असते. ती दर गुरुवारी अंकुर मोजून केंद्राला कळवते, आणि केंद्रानं सांगितलं की औषध सोडते. राखण जागी करायचं एक, निजवायचं दुसरं.

राखणीला एकच गोष्ट कळत नाही, फांदी फुटतेय ती कशासाठी. हात कापला, दाढ काढली, तरी शरीर नव्या वाहिन्या करतंच. गरोदरपणात आईच्या पोटात बाळाला पोसणारी वार रुजते तीही अगदी गाठीच्याच रीतीनं, शिपायांना वळवून आणि अस्तराला अंकुर फोडून. राखणीला सगळं सारखंच. म्हणून असं काही असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं आणि राखण निजवून घ्यायची. त्रिशलाची गाठ काढून राखण सोडली, तेव्हा तर डॉ. इनामदारांनी लिहूनच दिलं होतं, पाच वर्षं मूल नको. त्यातली तीनच झाली होती.

म्हणजे राहिली गाठ. कुमुदनं पडदा बंद केला. त्या दिवशी चहा तसाच गार झाला.

*

पुढच्या गुरुवारी आकडा सत्तावीस झाला. शनिवारी कुमुद सांगलीला लेकीकडे गेली.

सहज आल्यासारखं दाखवायचं होतं, म्हणून तिनं बरोबर भडंगाचा डबा घेतला. त्रिशलाला भडंग म्हणजे जीव की प्राण. पण झाकण उघडलं, कढीपत्त्याचा वास सुटला, आणि त्रिशला "आलेच" म्हणून आत गेली ती दहा मिनिटं बाहेर आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"काय गं, बरं नाही का?"

"पित्त झालंय गं. बस की तू, चहा टाकते."

"तू घेणार ना?"

"मला नको. चहा सोडलाय."

"वजन उतरलंय तुझं."

"बरंच आहे की मग!" त्रिशला हसली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शेजारच्या घरातली कुणी निरक्षर म्हातारीही दारातून एक नजर टाकून बोट नाकावर ठेवून हसली असती. पण कुमुदनं बत्तीस वर्षं रक्त वाचलं होतं, तिला माणसं वाचायची सवय राहिली नव्हती. तिनं मनात यादी केली. मळमळ, भूक मेलेली, वजन उतरलेलं, डोळ्यांखाली काळं. ही यादी तिला पाठ होती. बावीस वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या, सुनंदाच्या, उशाशी बसून तिनं ती पाठ केली होती.

सुनंदाला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. साधी गाठ आहे, काढली की झालं, असं सगळं घर तोंड भरून बोलायचं, आणि त्या बोलण्यात कुमुदच पुढे होती. आपल्याकडे रोग्याला आणि रोग्याच्या आईला खरं सांगायची पद्धत नाही. सुनंदाचे डोळे शेवटच्या आठवड्यात जसे तिच्याकडे बघायचे, ते कुमुदला अजून आठवायचे.

"तू माझ्यापासून काही लपवत नाहीस ना, त्रिशला?"

त्रिशलानं दाराशी उभ्या भरतेशकडे बघितलं. जावई चटकन खाली वाकून चपला सरळ करू लागला.

"नाही गं," त्रिशला म्हणाली. "असलं काही तर तुला सांगणारच की. वेळ आली की सांगेन."

वेळ आली की. कुमुद परतीच्या बसमध्ये तेवढेच शब्द घोळवत बसली. मन चिंती ते वैरी न चिंती, हे काही उगाच म्हटलेलं नाही.

*

तिसऱ्या गुरुवारी आकडा अडतीस होता. आणि त्याखाली आणखी एक ओळ होती, ती आधीच्या दोन्ही वेळी तिनं वाचलीच नव्हती, कारण नजर आकड्यावरून हललीच नव्हती.

राखण: विश्रांतीत.

अंकुर पाचपट वाढलेत आणि राखण निजलेली? आपोआप? याला केंद्रात एकच शब्द होता, फितुरी. हजारात एखाद्याच्या राखणीला गाठ शेवटी भुलवतेच. मग त्या पेशी आधी कामावरून बसतात आणि नंतर गाठीचं बांधकाम करू लागतात. ते एकदा सुरू झालं की जागं करायचं औषध दुप्पट सोडून वाचवायला दोन-तीन दिवस मिळतात, जास्त नाही.

फायलीत खाली एक करडी पट्टी होती. नोंद बारा: बंद. पेशंटनं म्हटलं तर एखादी नोंद त्याच्या नात्यातल्या माणसांना दिसत नसे, असा नवा कायदा आला होता. लेकीच्या फायलीतली एक ओळ आईला दिसत नव्हती. म्हणजे डॉक्टरांना ठाऊक आहे, त्रिशलाला ठाऊक आहे, जावयालाही ठाऊक आहे. फक्त आईला सांगायचं नाही असं ठरलंय. सुनंदाच्या वेळी ठरलं होतं, तसंच.

ती उठून नाझनीन बागवानच्या टेबलाशी गेली. त्रिशलाची फाईल नियमाप्रमाणे नाझनीन सांभाळायची.

"नाझनीन, बारा नंबरच्या नोंदीत काय आहे?"

नाझनीननं मान खाली घातली. तिनं ओठ घट्ट दाबून धरले होते. "मॅडम, त्या फाईलचं मला विचारू नका. इनामदार सरांना विचारा."

"सर कुठायत?"

"ऑपरेशनला. दोन वाजतील म्हणाले." आणि ती झटकन उठून पाण्याच्या कूलरकडे गेली.

नाझनीननं ओठ दाबले होते ते हसू बाहेर पडू नये म्हणून. कुमुदला ती रडू आवरतेय असं दिसलं.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन वाजेपर्यंत थांबायचं? आणि तोवर उशीर झाला तर? एरवी मात्रा बदलायला डॉक्टरांची सही लागे. पण फितुरीचा आदेश असेल तर सहीसाठी थांबायचं नाही, हे कलम नियमात होतं, आणि तेही कुमुदनंच भांडून घालून घेतलं होतं. एका रविवारी सही मिळेना म्हणून जतची एक बाई गेली होती, तेव्हापासून.

तिनं आदेश उघडला. पडद्यावर प्रश्न आला: एक नोंद आपण पाहिलेली नाही. तरीही पुढे जायचं?

कुमुदनं अंगठा टेकवला. पुढचा प्रश्न: जखम, शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही आहे का, हे पेशंटला विचारलं आहे का?

विचारायचं म्हणजे फोन करायचा. फोन केला की त्रिशलाला कळणार की आईला सगळं कळलंय, आणि पोर घाबरून जाईल. आणि विचारायचं काय त्यात? जखम नाही, गेल्याच आठवड्यात बघून आलो. मूल तर अजून दोन वर्षं नाही. स्वतःच्या लेकीबद्दल एवढं आईला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?

तिनं "होय, विचारलं आहे" वर अंगठा ठेवला. मग "काही नाही". मग मात्रा: दुप्पट.

सांगलीत एका दंडातल्या तांदळाएवढ्या डबीनं आपलं काम केलं. दोन वाजता ऑपरेशन संपलं नाही, गुंतागुंत झाली होती, इनामदार संध्याकाळपर्यंत बाहेर येणार नव्हते. फितुरीचा आदेश दिला की डबी दर तासाला आकडा पाठवू लागते. पाच वाजता कुमुदनं बघितलं. तेहतीस.

उतरत होता. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि कितीतरी दिवसांनी मनसोक्त रडली.

*

घरी जाताना ती जैन बस्तीत दर्शनाला गेली. भगवंतापुढे तांदळाचं स्वस्तिक काढलं. आज आपण वाट बघत बसलो असतो तर, या विचारानं तिला थोडा अभिमानच वाटला. सात वाजता घरी पोचली तर दारात भरतेशची गाडी.

त्रिशला सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. मोरपंखी साडी नेसलेली. आई दिसताच उठली आणि वाकून नमस्कार केला.

"हे काय मधेच? आज काय आहे?"

"आज तिसरा सरला, आई," त्रिशला म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की कुमुदला आधी फक्त तो चेहराच दिसला, शब्द मागून पोचले. "तीन महिने झाले. आता सांगायला हरकत नाही ना?"

भरतेश पेढ्याचा पुडा सोडत होता. "आत्या, गेल्या शनिवारी तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं बघा. ही डोळे वटारते म्हणून गप्प बसलो."

"इनामदार डॉक्टर म्हणाले, तीन वर्षं आकडा इतका छान आहे, पाच कशाला थांबता," त्रिशला सांगत होती. "राखण निजवली त्यांनी, सुरुवातीलाच. म्हटलं, फाईलमधे आईला दिसू देऊ नका. तूच सांगितलं होतंस ना? मागच्या वेळी, आजाराच्या आधी, पाचव्या आठवड्यात साऱ्या गल्लीला पेढे वाटले आणि नवव्यात सगळं गेलं, तेव्हा तू म्हणालीस, पुढच्या खेपेला तीन महिने सरेपर्यंत कुणाच्या कानावर घालायचं नाही. मला सुद्धा नाही, म्हणालीस. आठवतंय?"

आठवत होतं. दवाखान्याच्या पलंगावर बसून, लेकीचे केस मागे सारत, ती ते म्हणाली होती. विज्ञान शिकलेली बाई, आणि तरी म्हणाली होती. दुधानं तोंड पोळलं होतं ना.

"बोल की काहीतरी! आनंद नाही झाला?" त्रिशलानं कमरेवर हात ठेवला आणि जरा तोंड वाकडं केलं. "दुपारपासून कंबर तेवढी भरून आलीय. फोनवर मेसेज आलाय, मात्रा बदलली म्हणून. डॉक्टरांनीच काहीतरी केलं असेल, नाही का?"

खोलीतला पंखा फिरत होता. कुमुदला वाटलं, आत्ता गप्प बसता येईल. डॉक्टरांनी केलं असेल, असं म्हणता येईल. एकदा झालं होतं तसं पुन्हा झालं, नशीब, असं सगळे म्हणतील, आणि आपण लेकीचे केस मागे सारत बसू.

तिला सुनंदाचे डोळे दिसले.

"डॉक्टरांनी नाही," ती म्हणाली. "मी केलंय, त्रिशला. राखण मी जागी केलीय. ऊठ, चपला घाल."

*

दवाखान्यात डॉ. इनामदार ऑपरेशनच्या कपड्यांतच आले. ते कुमुदकडे बघतही नव्हते, त्रिशलाशीच बोलले.

"आकडा एकवीसवर आलाय. म्हणजे वारेच्या वाहिन्या सुकायला लागल्यात. निजवायचं औषध दिलं तर चढायला आठ दिवस लागतात, तेवढा वेळ बाळाकडे नाही. दुसरा उपाय एकच, राखण मारून टाकायची. सगळीच्या सगळी. ते औषध दोन तासांत काम करतं."

"आणि मग?"

"मग प्रसूती होईपर्यंत तुझ्या अंगात राखण नाही. नवी तयार करायची तर रक्त काढावं लागेल, आणि पोटुशीच्या रक्तातून ती तयार होत नाही. निजवलेली राखण गरज पडली तर उठवता येते, म्हणून मी तुला परवानगी दिली होती. मेलेली उठवता येत नाही. तुझी मोठी गाठ आपण काढली, पण तिचे कण हाडांत आहेत. मोहरीहून बारीक. कुठल्या स्कॅनमध्ये दिसायचे नाहीत. ते सहा महिने निजून राहतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. कुणीच नाही."

"नको," कुमुद म्हणाली. "डॉक्टर, नको. त्रिशला, पुढं होईल गं मूल. तू राहिलीस तर होईल. माझं ऐक, जीव असला तर—"

"आई." त्रिशलाचा आवाज चढला नव्हता. "तू आता काही ठरवू नकोस. आज एकदा ठरवलंस तेवढं पुरे झालं."

तिनं दंड पुढे केला. भरतेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता.

*

कुमुदनं दुसऱ्या दिवशी केंद्राला सगळं लिहून दिलं आणि राजीनामा दिला. तिचा अंगठा आता तिथलं दारसुद्धा उघडत नाही. नाझनीन एकदा घरी येऊन फार वेळ बसून गेली.

बाळ वाचलं. सोनोग्राफीत ते लाथा मारतं, तिसऱ्या वेळी त्यानं अंगठा चोखला. सातवा लागला तेव्हा भरतेशच्या आईनं हौसेनं डोहाळजेवण केलं, कुमुदला मानानं बोलावलं, आणि झाल्या गोष्टीचा चकार शब्द काढला नाही. ते तिला शिव्या खाण्यापेक्षा जड गेलं.

त्रिशलानं महिनाभर आईशी बोलणं टाकलं होतं. मग एका गुरुवारी सकाळी तिचा फोन आला. तेव्हापासून दर गुरुवारी येतो. नाझनीन आकडा त्रिशलाला पाठवते, आणि त्रिशला तो स्वतः उघडून बघत नाही, आईकडे पुढे धाडते.

आजही सव्वादहाला फोन वाजला.

"आला का गं?"

"आला."

आठव्या महिन्यात वार पुरती मोठी झालेली असते. अंकुर पन्नाशीच्या आसपास चढतो आणि तिथंच थांबतो, हे कुमुदला केंद्रातल्या इतक्या वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं. मोबाइलच्या पडद्यावर आकडा एकाहत्तर होता. गेल्या आठवड्यात त्रेसष्ट. बाळ अंगानं मोठं असेल तर इतका जातो, एखाद्या बाईचा जातो. नाहीतर हाडांत कुठंतरी मोहरीहून बारीक काहीतरी जागं झालेलं असतं आणि त्यानं साद घातलेली असते. आकडा दोन्हीचा मिळून एकच येतो. त्यातलं बाळाचं रक्त किती आणि गाठीचं किती, हे सांगणारं यंत्र अजून कुणी केलेलं नाही.

"आई? सांग की."

तिला पटकन पन्नास म्हणून टाकता आलं असतं. लेकीला दोन महिने सुखाची झोप लागली असती. घराण्याची पद्धतच होती ती.

"एकाहत्तर," कुमुद म्हणाली. "गेल्या वेळेपेक्षा आठानं जास्त. कशामुळं ते मला सांगता येत नाही, त्रिशला."

पलीकडे त्रिशलाचा श्वास ऐकू आला, आणि त्या पाठोपाठ एक हलकं "आई गं".

"काय झालं?" कुमुद उभी राहिली. "काय झालं गं?"

"काही नाही. लाथ मारली त्यानं," त्रिशला म्हणाली. "पुढच्या गुरुवारी करते फोन. असंच सांगत जा."